उष्टावण कधी, आणि वाटीत काय?

जूनच्या अंकात मी लिहिलं होतं की सहा महिने पुरे होईपर्यंत बाळाला आईचं दूध पुरतं, वरून पाण्याचा थेंबही नको. एवढ्याशा वाक्यावरून बऱ्याच घरांत वाजलेलं दिसतं. आलेल्या पत्रांत प्रश्न थोडे आणि गाऱ्हाणी फार, आणि गाऱ्हाणं बहुतेक वेळा घरातल्याच दुसऱ्या माणसाबद्दल. दोन्ही बाजूंची पत्रं घेतली आहेत. नावं मुद्दामच गाळली. फोंड्यात सगळे सगळ्यांना ओळखतात.

प्रश्न : आमची मुलगी साडेचार महिन्यांची आहे. सासूबाई म्हणतात मुलीचं उष्टावण पाचव्यातच करायचं, मुलाचं सम महिन्यात आणि मुलीचं विषम. नवरा बोटीवर असतो. पुढच्या महिन्यात तो जाईल तो वर्ष सरताना परतेल. म्हणून कवळ्याला शांतादुर्गेकडे जायचा दिवसही धरला आहे. आमचे डॉक्टर सांगतात सहा महिन्यांशिवाय काही देऊ नका. मी कोणाचं ऐकू? (एक आई, डिचोली)

उत्तर : देवीला जा. बाप घरी आहे तोवरच जा, नंतर फोटोत दाखवून काय उपयोग? मामाच्या मांडीवर बसवा, नवं झबलं घाला, खिरीत बोट टेकवून तिच्या ओठाला लावा आणि नमस्कार करून घरी या. फक्त एवढं पाहा की ते बोट एकाचंच असेल आणि धुतलेलं असेल. अशा समारंभात मावश्या, आत्या, शेजारीण असे सगळे एकेक चमचा भरवायला पुढे सरसावतात. पाच महिन्यांच्या पोराला हगवण लागते ती अशा प्रेमापायी. खिरीत मध नको. आणि दुसऱ्या दिवसापासून वाटी-चमचा सुरू झाला असं समजू नका. विधी झाला, जेवण अजून व्हायचंय.

ज्यांना तारखेची अशी अडचण नाही त्यांनी घरातल्या वडीलधाऱ्यांपुढे एक हिशेब मांडून पाहावा. सहा महिने पूर्ण झाले की बाळाला सातवा लागतो. सातवा विषमच की! मुलीच्या बाबतीत शास्त्र आणि डॉक्टर एकाच दिवशी भेटतात. मुलग्याच्या बाबतीत सहावा संपता संपता मुहूर्त धरा, दोन-चार दिवस इकडेतिकडे झाल्याने काही बिघडत नाही.

सासूबाईंना दोष देऊ नका. त्यांच्या मुलांच्या वेळी दवाखान्यातच 'चौथ्यापासून वरचं सुरू करा' असं सांगत होते. जागतिक आरोग्य संघटनेचाही सल्ला तेव्हा चार ते सहा महिने असाच होता. २००१ साली जागतिक आरोग्य सभेत तो बदलून सहा महिने पूर्ण, म्हणजे १८० दिवस, असा झाला. आपल्याकडे १९९२ चा बाळदुधाच्या आणि बाळअन्नाच्या जाहिरातींना लगाम घालणारा कायदा आहे, त्यातही आधी चार महिने होते, २००३ च्या दुरुस्तीने सहा आले. म्हणजे सासूबाई सांगतात ते त्यांच्या काळी खरंच होतं.

सहाच का, तर त्याआधी पोटात अन्न घालून मिळत काही नाही आणि धोका मात्र येतो. वाटी, चमचा, पाणी, हात, माश्या, सगळं त्यासोबत येतं, आणि तेवढं आईचं दूध कमी प्यायलं जातं. आणि सहानंतर लांबवायचंही नाही. हे मी ठासून सांगते, कारण 'दात आले की बघू' म्हणत आठव्या-नवव्यापर्यंत निव्वळ दुधावर ठेवलेली बाळं माझ्याकडे येतात. मूल पोटात असताना शेवटच्या तीन महिन्यांत आईकडून लोहाचा साठा घेऊन येतं. तो साठा सहाव्या महिन्याच्या आसपास संपत येतो. आईच्या दुधात सगळं असतं, लोह मात्र नावापुरतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली सहा महिने ते पाच वर्षांची ६७ टक्के मुलं रक्तक्षयाची निघाली, त्याची सुरुवात इथे होते.

दातांची वाट पाहायची गरज नाही, हिरड्यांनी मऊ भात छान चिरडता येतो. मान धरते का, टेकून बसते का, तुमच्या ताटाकडे बघून हात टाकते का, आणि चमचा लावला की जीभ तो बाहेर ढकलायची थांबली का, हे बघा. सहा पुरे झाल्यावर बहुतेक बाळांत हे सगळं जमून येतं.

प्रश्न : नातू साडेसात महिन्यांचा. सहा संपल्यावर सगळं वेळेवर सुरू केलं. सकाळी पेजेची निवळ, दुपारी डाळीचं पाणी, संध्याकाळी नाचणीचं सत्त्व. सगळं गाळून, पातळ करून, बाटलीत भरून देतो, घशात अडकायला नको म्हणून. दीड महिन्यात वजन जेमतेम पाव किलोने वाढलं. सून म्हणते तुमच्या पेजेत काही नसतं. आमची चार मुलं याच पेजेवर वाढली. (एक आजी, सावईवेरे)

उत्तर : आजी, पेजेत पुष्कळ असतं. ते भांड्याच्या तळाशी असतं आणि तुम्ही वरचं देता.

यावेळच्या सगळ्या पत्रांत मला हेच सर्वांत महत्त्वाचं वाटतं. 'कधी' यावर घराघरात भांडण होतं, आणि 'केवढं दाट' हे कोणी विचारतच नाही. पातळ दिलं की पचायला हलकं, ही समजूत इतकी घट्ट आहे की वजनकाट्यालाही दाद देत नाही.

परवा एक आजी थर्मासमध्ये डाळीचं पाणी घेऊन आल्या होत्या, 'बघा डॉक्टर, किती पौष्टिक करते मी' म्हणून. मी ते त्यांच्याच बशीत ओतलं. पिवळंधम्मक, वर तुपाचा तवंग, वास असा की मलाच भूक लागली. मग चमचा भरून आडवा केला. सगळं धारेने खाली. तेवढ्यात माझ्या डब्यातला वरणभात मी बोटांनी मळला, तोच चमचा भरला आणि तसाच आडवा केला. भात चमच्याला धरून राहिला, ओघळला नाही. आजी म्हणाल्या, 'एवढं घट्ट? आणि तो गिळणार?' नात आईच्या मांडीवर बसली होती. तिने चमच्याकडे बघितलं आणि आ केला. आजींचा चेहरा तुम्ही बघायला हवा होता.

थोडं गणित सांगते. बाळाच्या पोटात एका वेळी मावतं ते किलोमागे साधारण ३० मिली. तुमचा नातू सात किलोचा धरला तर जेमतेम २०० मिली, म्हणजे एक पेलाभर. सहा ते आठ महिन्यांत आईच्या दुधाशिवाय दिवसाला अंदाजे २०० कॅलरी वरच्या अन्नातून हव्यात, नऊ ते अकराव्या महिन्यात ३००. निवळीने तो पेला भरलात तर पोट तुडुंब होतं, हातात काही पडत नाही, आणि वर दूध प्यायला जागा उरत नाही. निवळीत आईच्या दुधापेक्षाही ताकद कमी. म्हणजे आपण चांगलं काढून घेतो आणि जागी पाणी भरतो.

नाचणीबद्दलही बोलू. नाचणी मला प्रिय आहे, आमच्याकडे तिजन (नाचणीची गोड पेज) झाल्याशिवाय उन्हाळा सरत नाही. १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम देणारं दुसरं धान्य नाही. पण लोह तिच्यात बेताचंच, आणि असतं तेही पोट नीट शोषत नाही. शिवाय सत्त्व काढताना भिजवून, वाटून, फडक्यातून गाळून, वरचं पाणी ओतून आपण चोथ्याबरोबर बरंच काही टाकतो आणि पांढरा साका तेवढा ठेवतो. म्हणून नाचणी गाळू नका. भिजवा, फडक्यात बांधून मोड आणा, सावलीत वाळवा, मंद भाजा आणि बारीक दळा. दळलेलं चाळणीतून एकदा काढलंत तर हरकत नाही. यातली दोन-तीन मुठी मोड आलेली, वाळवलेली नाचणी न भाजता वेगळी दळून ठेवा. तिची एक युक्ती आहे. पेज किंवा लापशी फार घट्ट झाली तर पाणी ओतू नका. भांडं उतरवा, वाफ जरा बसू द्या, त्यात हे न भाजलेलं पीठ चिमूटभर घालून ढवळा. दोन मिनिटांत ती आपोआप सैल होते, मग एक उकळी आणा. मोडात जे पाचक द्रव्य तयार होतं ते पिठूळपणा तोडतं. लापशी सैल झाली, पण धान्य जेवढं घातलं होतं तेवढं वाटीतच राहिलं.

आता पेज. उकडे तांदूळ दोन वाट्या आणि सालीसकट मूग एक वाटी, वेगवेगळे खमंग भाजा आणि गिरणीतून रवाळ दळून आणा. गिरणीवाल्याला सांगा, त्याआधी मिरच्या दळल्या असतील तर आधी थोडा तांदूळ काढ. या कणीचे दोन मोठे चमचे दीड वाटी पाण्यात मंद आचेवर शिजवा, सतत ढवळा. पळी उचलली की थबकून पडली पाहिजे. उतरवल्यावर एक लहान चमचा तूप किंवा घाण्यावरचं खोबरेल घाला. त्या एका चमच्यात ४५ कॅलरी असतात, ज्या पेलाभर निवळीत शोधाव्या लागतात. तांबडी भाजी (लाल माठ) मिळाली तर तिची चार पानं वेगळी शिजवून कुस्करून त्यात मिसळा, वरून लिंबाचे चार थेंब. लिंबाने भाजीतलं लोह अंगी लागायला मदत होते. मीठ नको. साखर नको, गूळही नको. वर्षाच्या आत त्याला चव लावायची गरज नाही, ती गरज आपल्या जिभेला असते.

सुरुवातीला दोन-तीन चमचे, दिवसातून दोनदा. महिनाभरात अर्ध्या वाटीपर्यंत, दोन-तीनदा. नवव्यानंतर तीन-चार जेवणं आणि मध्ये एखादं फळ. आणि आजी, बाटली बंद. सत्त्व बाटलीत भरता यावं म्हणूनच पातळ होतं. पातळ झालं की बाटलीची सवय लागते, सवय लागली की चमचा नको होतो. बोंडलं (दूध पाजायची चोचीची वाटी) असेल तर तेही नको. वाटी, लहान चमचा, तुमची मांडी. नवव्या महिन्यापर्यंत तो हाताने उचलून तोंडात घालायला लागेल, घालू दे. घर पुसायला लागेल एवढंच.

सुनेला सांगा पेजेत काही नसतं असं नाही. तुमची चार मुलं वाढली ती बहुधा तळाच्या भातावर, कारण त्या काळी गाळायला वेळ कोणाला होता?

वजनाचं म्हणाल तर सहानंतर वाढीचा वेग तसाही मंदावतो. पण दीड महिन्यात पाव किलो हे कमीच. महिनाभर दाट द्या आणि अंगणवाडीत पुन्हा वजन करा. त्यातही सुधारलं नाही तर डॉक्टरांना दाखवा, लघवीची आणि रक्ताची तपासणी लागेल. तिथे असताना लोहाच्या सिरपचंही विचारा. सहा महिन्यांपासून आठवड्यातून दोनदा १ मिली, ज्यात २० मिलिग्रॅम लोह असतं, असा सरकारी कार्यक्रम आहे आणि ते फुकट मिळतं. शी काळपट होते, घाबरू नका.

प्रश्न : मी वेर्ण्याला कारखान्यात सुपरवायझर आहे. २६ आठवड्यांच्या रजेतले पाच आठवडे बाळंतपणाआधीच संपले, आता कामावर हजर व्हायला सांगितलं आहे. बाळ पाच महिन्यांचं होत नाही तोच. घरी आई सांभाळेल. अन्न सुरू करू का? (एक आई, वास्को)

उत्तर : घाई करू नका. दूध काढून ठेवा. पंप नसेल तर हाताने जमतं, चार दिवसांत सवय होते. स्वच्छ स्टीलच्या झाकणवाल्या डब्यात, वर तारीख-वेळ लिहून. आपल्या उकाड्यात बाहेर ठेवलेलं चार तासांत वापरा. फ्रिजमध्ये पुस्तकात चार दिवसांपर्यंत सांगतात, पण मे महिन्यात वीज जाणाऱ्या घरात मी एकाच दिवसाचं काढा म्हणते. आईने ते गरम पाण्याच्या भांड्यात डबा ठेवून कोमट करायचं, गॅसवर नाही, मायक्रोवेव्हमध्ये तर नाहीच. आणि वाटीने पाजायचं, बाटलीने नाही. पहिले दोन दिवस सांडेल. सकाळी निघताना, आल्याबरोबर आणि रात्री मनसोक्त अंगावर पाजा.

महिन्याभराचा प्रश्न आहे. सहा पुरे झाले की आईकडे दिवसाचं एक जेवण सोपवा, बाकीचं हळूहळू. आईने सकाळी अकराला केलेली पेज तीनला 'राहिली आहे' म्हणून देऊ नये. शिजवल्यावर दोन तासांत संपवा नाही तर टाका, किंवा गाईला.

तुमच्या कारखान्यात ५० किंवा त्याहून जास्त माणसं असतील तर बाळंतपणाच्या रजेच्या कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीपासून पाळणाघराची सोय त्यांनी करायची आहे, आणि आईला दिवसातून चारदा तिथे जाता येतं. वेर्ण्यातल्या किती जणींना हे सांगितलं जातं? एचआरला विचारताना अर्ज लेखी द्या, तोंडी विचारलं की 'बघतो' एवढंच उत्तर येतं.

प्रश्न : पोदेर (पाववाला) सकाळी पों पों करत आला की नातू (८ महिने) माझ्याकडे झेपावतो. मी चहात पाव बुडवून त्याला चाखवतो, त्याला फार आवडतं. त्याची आई रागावते. माझ्या वडिलांनी मला असंच दिलं होतं. (एक आजोबा, पेडणे)

उत्तर : आजोबा, पाव चालेल. चहा नको. चहातलं तुरट द्रव्य जेवणातलं लोह अडवून ठेवतं, आणि तुमच्या चहात साखर किती असते ते मी विचारत नाही. पोयेचा (कोंड्याच्या पावाचा) मऊ भाग घ्या, मुगाच्या आमटीत भिजवून मऊ करा, आणि हाताने भरवा. आमटी मिरची-मीठ घालण्याआधी त्याच्यापुरती बाजूला काढायला सूनबाईंना सांगा, त्या कामाला हरकत घेणार नाहीत. पोदेराच्या वेळेला तुमची मांडी आणि त्याचा पाव हा कार्यक्रम तसाच ठेवा. बिस्किटं मात्र बंद. गोड बिस्किटांनी भूक मरते आणि पोरगं भाताला तोंड वळवतं.

प्रश्न : मासे कधीपासून? बाजारातलं नुस्तें (मासळी) पाहून भीती वाटते, २०१८ साली मासळी टिकवायला फॉर्मेलिन हे रसायन लावल्याचं एवढं गाजलं होतं. घरात काही जण म्हणतात वर्षाशिवाय अंडं-मासे देऊ नका, अ‍ॅलर्जी होते. (एक आई, म्हापसा)

उत्तर : सातव्या महिन्यापासून. वर्षभर थांबलं की अ‍ॅलर्जी टळते असं वाटायचं, आता उलटंच दिसतंय. शेंगदाण्यावर इंग्लंडात झालेल्या मोठ्या अभ्यासाचे निकाल २०१५ साली आले. ज्या बाळांना अ‍ॅलर्जीचा धोका जास्त होता, त्यांना वर्षाच्या आतच शेंगदाण्याचं पातळ केलेलं अन्न नियमित दिलं तर पुढे शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी पुष्कळ कमी निघाली. अंडं, मासे, शेंगदाण्याचं पीठ यांतलं एका वेळी एकच नवीन, सकाळच्या जेवणात, चमचाभर, आणि दोन-तीन दिवस तेच. अंगावर चट्टे, ओठ सुजणं, सारखी उलटी असं काही दिसलं तर थांबा आणि दाखवा. श्वास लागला तर दाखवायला थांबू नका, १०८ ला फोन करा. ज्या बाळाला आधीच खूप इसबाचा (एक्झिमाचा) त्रास आहे, किंवा एका पदार्थाने एकदा काही झालंय, त्याच्या बाबतीत आधी डॉक्टरांशी बोला.

मासळी कुठली? मुडदुशी. बाळंतिणीला देतात तीच, हलकी, मांस मऊ. वाफवा, थंड होऊ द्या, ताटावर पसरून दोन बोटांत चिमटीत धरून प्रत्येक तुकडा चाचपा, काटा डोळ्यांना दिसत नाही, बोटाला कळतो. मग भातात मळा. तारले (सार्डिन) आणि बांगडे फार चांगले, त्यांत मेंदूला हवी ती चरबी असते, पण त्यांचे काटे काढायला धीर हवा. मोरी (शार्क) आणि मोठी इसवण (सुरमई) लहान मुलांना टाळा, मोठ्या शिकारी माशांत पारा साचतो. शिंपल्यांतली, तिसऱ्यांतली रबरासारखी मांसं या वयात नकोत, चावता येत नाहीत.

फॉर्मेलिनबद्दल तुमची भीती रास्त आहे. १ जून ते ३१ जुलै या बंदीच्या काळात बाहेरून येणारी मासळीच जास्त दिसते. तेव्हा ओळखीच्या नुस्तेंकारणीकडचं, नाही तर खाडीतलं घ्या. नाही मिळालं तर सरळ अंडी, मूग, चवळी, अळसांदे. कडक उकडलेलं अंडं, पिवळं आणि पांढरं दोन्ही, कुस्करून. एका अंड्याचं आधी पिवळं आणि पांढरं वर्षाने, असं काही नाही.

तुमच्याकडे सोवळ्यामुळे अंडं-मासा होत नसेल तर नुसत्या भात-वरणावर भागत नाही, हे मान्य करा. रोज दोनदा डाळ किंवा कडधान्य, सोबत लिंबू, आवळा किंवा पेरूचा गर, दही, तूप, आणि लोहाचं सिरप नक्की. बी-१२ शाकाहारी आईच्या दुधातही कमी पडू शकतं, त्याची तपासणी आईने स्वतःची करून घ्यावी.

प्रश्न : मुलगी सात महिन्यांची. मळलेला भात घेतला की घशात उबळ येते, डोळ्यांत पाणी येतं, मी घाबरून सगळं मिक्सरमध्ये फिरवते. (एक आई, मडगाव)

उत्तर : उबळ येणं आणि अडकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लहान बाळाच्या जिभेवर उबळ आणणारी जागा आपल्यापेक्षा पुढे असते. तोंड वाकडं होतं, ओकारीसारखा आवाज येतो, चेहरा लाल होतो आणि घास पुढे येतो. निसर्गानेच दिलेली ही राखण आहे. आवाज येतोय, खोकतंय, तोवर हात लावू नका. पाठीवर थापट्या नको, तोंडात बोट तर नकोच, बोटाने घास आत ढकलला जातो.

खरं अडकलं की आवाज बंद होतो. खोकला नाही, रडू नाही, ओठ निळे. तेव्हा बाळाला हातावर उलटं, डोकं खाली धरून, खांद्याच्या दोन फऱ्यांच्या मध्ये तळहाताने पाच दणके द्या. नाही निघालं तर उताणं करून छातीच्या मधोमध दोन बोटांनी पाच दाब द्या, पुन्हा पाच दणके. घरात दुसरं कोणी असेल त्याने १०८ फिरवायचा. हे आजी-आजोबांनाही करून दाखवा, बाहुलीवर.

मिक्सर सोडा. भात बोटांनी मळा, आधी एकदम मऊ, पंधरवड्यात थोडा रवाळ. नऊ-दहा महिन्यांपर्यंत गुळगुळीत लापशीच दिली तर पुढे कण तोंडात आला की पोरं थुंकायला लागतात. बसवून भरवा, आडवं घेऊन नाही, मोबाईल लावून नाही. अख्खा काजू, शेंगदाणे, फुटाणे, जत्रेतलं खाजं, अख्खं द्राक्ष, हे चार-पाच वर्षांपर्यंत हाती देऊ नका. काजूच्या बागा असलेल्या घरांत हे ऐकायला कठीण जातं, पण काजूची पूड करून लापशीत घातली तर सगळ्यांचं समाधान होतं.

आता थोडक्यात काही.

'बाळ अपुऱ्या दिवसांचं, ३२ व्या आठवड्यात झालं. सहा महिने कुठून मोजायचे?' (साखळी) जन्मतारखेवरून मोजू नका, आणि पत्रावरून माझ्याकडूनही ठरवून घेऊ नका. त्याची सुरुवात त्याची मान, वजन आणि गिळणं बघून ठरते. लोह मात्र त्याला बऱ्याच आधीपासून लागतं, ते चालू आहे का बघा.

'बाळगुटी देऊ का, वेखंड-जायफळ उगाळून?' (काणकोण) नको. पोट दुखतंय म्हणून गुटी देतात आणि खरं कारण दडपलं जातं. जायफळाने बाळ झोपतं, ते बरं होत नाही. सहाण स्वच्छ नसते ती गोष्ट वेगळीच.

'उकाडा फार, पाणी कधीपासून?' (पणजी) वरचं अन्न सुरू झालं की, जेवताना दोन-चार चमचे, उकळून निवलेलं. त्याआधी आईच्या दुधातच ८७ टक्क्यांच्या वर पाणी असतं. आईने मात्र भरपूर प्यावं.

'मध चाटवला तर?' (वाळपई) वर्षाच्या आत मध नको, जंगलातला, शुद्ध, ओळखीच्या माणसाने आणलेलाही नको. त्यातल्या बीजाणूंनी लकवा देणारा दुर्मीळ पण जीवघेणा आजार होतो.

'मुलगा (१० महिने) गाजर तीनदा दिलं, तीनदा थुंकला. आवडत नाही असं समजू का?' (कुडचडे) दहा वेळाही थुंकेल. आठवड्याने पुन्हा द्या, त्याच्या ताटात ठेवा, तुम्ही त्याच्यासमोर खा. पण जबरदस्तीने तोंड धरून नाही.

'उष्टावणाला चांदीची वाटी हवीच का? मामा घ्यायला तयार नाही.' (शिरोडा) स्टीलची घ्या. साबणाने धुऊन उकळत्या पाण्यातून काढता आली पाहिजे एवढीच अट आहे. चमचा मात्र लहान आणि उथळ असा वेगळा आणा, चहाचा मोठा चमचा बाळाच्या तोंडात मावत नाही.